याक-५२ ला हलका अल्टरनेटर: अँपिअर मागून, आधी शाफ्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तिघांनी मिळून घेतलेलं याक-५२ हे रशियन आराखड्याचं दोन सीटांचं विमान, त्यात एम-१४पी हे रेडियल इंजिन, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे सिलिंडर असलेलं. मूळचा तीन किलोवॉटचा जनरेटर ब्रश बदलूनही नीट चालत नाही, चार्जिंग कधी येतं, कधी जातं. काढून काट्यावर ठेवला तर दहा किलोंच्या पुढे भरला. मित्राने जपानी ट्रॅक्टरचा छोटा अल्टरनेटर सुचवला आहे, वजन साडेतीन-चार किलो, किंमत किरकोळ, ‘फक्त एक अडॅप्टर लेथवर काढून घ्यायचा’. बसवावा का, आणि बसवला तर किती अँपिअरचा? शिवाय तुमच्या एका भागीदाराकडे स्टिअरमन हे जुनं अमेरिकी बायप्लेनही आहे, त्यालाही तोच लावायचा विचार आहे.

अल्टरनेटरला माझा विरोध नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत अमेरिकेतल्या वर्कशॉपांत मी तऱ्हेतऱ्हेच्या रेडियल इंजिनांवर ते बसवलेत. माझं भांडण तुमच्या मित्राच्या ‘फक्त’ या शब्दाशी आहे.

पण आधी एक खात्री करा. बिघाड जनरेटरमध्येच आहे ना? चार्जिंग येतं-जातं ही तक्रार घेऊन आलेल्या जुन्या यंत्रणांमध्ये निम्म्या वेळा मला दोषी सापडलाय तो रेग्युलेटर, रिव्हर्स करंट रिले (बॅटरीची वीज उलटी जनरेटरकडे जाऊ न देणारा स्विच), नाहीतर एखादं सैल, काळं पडलेलं टर्मिनल. आपल्याकडे जुन्या जीपचे मॅकेनिक या रिलेच्या डब्याला ‘कटआउट’ म्हणायचे आणि डायनामोला हात लावण्याआधी तो उघडून बघायचे. तीच शिस्त इथेही पाळा. ब्रश ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरवर बोट फिरवून बघा. खाचा पडल्या असतील, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल, तर नवे ब्रशही आठवडाभरात जुन्यासारखेच वागतील. हे सगळं तपासूनही जनरेटरच गेलेला निघाला तर पुढे वाचा.

आता विजेची गरज. याक-५२ सुरू होतं हवेवर. बाटलीतली दाबाखालची हवा क्रमाने सिलिंडरांत सोडली जाते आणि इंजिन फिरतं. चाकं, फ्लॅप, ब्रेक हेही हवेवरच. म्हणजे बॅटरी रिकामी करणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, इलेक्ट्रिक स्टार्टर, या विमानात नाहीच. सुरू करताना लागते ती फक्त ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला मदत करणाऱ्या कॉइलपुरती वीज. तरीही रशियन मंडळींनी शंभर अँपिअरचा जनरेटर दिला, आणि तो आपण वर्षानुवर्षं नाकात घेऊन उडतोय.

कागद घ्या आणि २८ व्होल्टच्या हिशोबाने एकेक उपकरण लिहा. रेडिओ ऐकताना एक अँपिअर, बोलताना चार-पाच. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) एक. जीपीएस अर्धा. एलईडीचे चमकदिवे दोन. जुने रशियन जायरो आणि त्यांचा इन्व्हर्टर ठेवला असेल तर चार-पाच. पिटो हीट (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चार-पाच. याकांच्या बाबतीत माझी बेरीज बहुतेक वेळा सोळाच्या आसपास थांबते. अमेरिकी विमानन खात्याच्या दुरुस्तीविषयक मार्गदर्शिकेत, एसी ४३.१३-१बी मध्ये, सततचा भार अल्टरनेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. सोळा भागिले ०.८ म्हणजे वीस. त्यावर बॅटरी भरायला थोडी सवड धरली तर तीस पुरे, चाळीस म्हणजे चैन. साठ-सत्तरच्या मागे लागू नका. मोठा अल्टरनेटर गरज नसताना गप्प बसतो हे खरं, पण गरज पडली की तो सगळं गिअरमधूनच ओढून घेतो.

बॅटरी लिथियमची करणार असाल तर मात्र हिशोब जरा बदलतो. रिकामी लिथियम बॅटरी पाहिजे तेवढा करंट गिळते, शिशाच्या बॅटरीसारखी हळूहळू पीत नाही. रात्रभर मास्टर स्विच चालू राहिला आणि सकाळी तसंच इंजिन सुरू केलं, तर चाळीसचा अल्टरनेटर पहिली वीस मिनिटं पूर्ण भाराखाली भाजत राहील. अशा दिवशी बॅटरी जमिनीवर चार्जरने भरून मगच निघायचं.

वेग. याकच्या टॅकोमीटरवर आरपीएम नसतात, टक्के असतात. १०० टक्के म्हणजे क्रँकशाफ्टचे सुमारे २९०० फेरे. इंजिन मंद ठेवलं की २६ टक्के, म्हणजे साधारण ७५०. ७० टक्क्यांना २०३०. जनरेटरचा ड्राइव्ह क्रँकच्या कितीपट फिरतो हे इंजिनाच्या पुस्तकात बघा, कुणाच्या आठवणीवर जाऊ नका. उदाहरणापुरतं अडीचपट धरू. मग अल्टरनेटर मंद असताना १८८५, क्रूझला ५०७५ आणि टेकऑफला ७२५० फेरे करेल. मोटारीतला अल्टरनेटर पट्ट्यावर याच्या दुप्पट वेगाने आरामात फिरतो, त्यामुळे जास्त वेगाची काळजी रेडियलवर नाही. काळजी उलटी आहे. १८८५ फेऱ्यांना पुष्कळसे अल्टरनेटर नुकते जागे होत असतात. पॅकेटावरचा ‘४० अँपिअर’ हा आकडा ५००० किंवा ६००० फेऱ्यांचा असतो. बनवणाऱ्याकडे आरपीएमनुसार करंटचा आलेख मागा. तो देत नसेल तर दुसरा बनवणारा शोधा.

याच आलेखातून आणखी एक गोष्ट दिसते जी फार कमी लोक बघतात. ४० अँपिअर, २८ व्होल्ट म्हणजे ११२० वॉट. कार्यक्षमता ६० टक्के धरली तर शाफ्टमधून सुमारे १८७० वॉट ओढले जातात. ५०७५ फेऱ्यांना हा साडेतीन न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) झाला. आता टॅक्सी करताना, १८८५ फेऱ्यांना, तो २० अँपिअर देतोय आणि कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आलीय असं धरा. वॉट कमी, पण पीळ ५.७ न्यूटन-मीटर. करंट निम्मा आणि पीळ दीडपटीहून जास्त! गिअरचे दात आकाशात नाही, टॅक्सीवेवर जास्त सोसतात.

तरीही हे आकडे बघून तुम्ही म्हणाल, जुना जनरेटर पूर्ण भाराला क्रूझवर साडेसात न्यूटन-मीटर ओढत असणार. मग नव्याची भीती कसली? सरळ, स्थिर पिळाची भीती नाहीच. भीती आहे धक्क्यांची.

नऊ सिलिंडरांचं चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेरीत साडेचार वेळा पेटतं. मंद इंजिनात ७५० फेऱ्यांना हे सेकंदाला ५६ ठोसे झाले. प्रत्येक ठोशाला क्रँक किंचित पुढे उसळतो आणि मग मागे रेंगाळतो. प्रॉपेलर समोर फ्लायव्हीलसारखा असला तरी मागच्या गिअरांना हे हेलकावे पोचतातच. आता त्या गिअरांच्या शेवटी एक जड रोटर आहे, तो अडीचपट वेगाने फिरतोय आणि आपला वेग बदलायला तयार नाही. गिअरच्या गुणोत्तराचा वर्ग करा: ६.२५. क्रँकच्या बाजूने बघितलं तर त्या रोटरचं जडत्व सव्वासहापट भासतं. क्रँक म्हणतो पुढे, रोटर म्हणतो थांब, आणि मधे सापडतात दात. सुरू होताना इंजिनाने उलटा झटका दिला तर विचारूच नका.

जुन्या काळच्या विमान-जनरेटर बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी आर्मेचरचा (जनरेटरच्या आतल्या फिरत्या भागाचा) शाफ्ट पोकळ ठेवला आणि त्याच्या आतून एक बारीक, लांब शाफ्ट घेतला. इंजिनाकडून येणारा पीळ आधी या बारीक शाफ्टला मिळतो, तो स्प्रिंगसारखा थोडा वळतो, धक्का गिळतो, मग आर्मेचरला फिरवतो. सोबत घर्षणाचा डँपर. आणि त्या शाफ्टला एक मान, मुद्दाम बारीक केलेली. बेअरिंग अडकलं तर ती मान तुटते, आतले गिअर वाचतात. काट्यावर दहा किलो भरलेल्या डब्यातला सगळ्यात कामाचा भाग बोटाएवढ्या जाडीचा होता.

‘फक्त एक अडॅप्टर’ काढणारा माणूस नेमका हाच भाग विसरतो. काही वर्षांपूर्वी एक रेडियल इंजिन माझ्याकडे आलं, तक्रार अशी की तेलाच्या जाळीत चमचम दिसते. मागे अल्टरनेटर, हलका, सुंदर पॉलिश केलेला. अडॅप्टरच्या आत इंजिनाची स्प्लाइन (दाते काढलेली शाफ्टची जोडणी) आणि अल्टरनेटरचा शाफ्ट एका घट्ट, कडक स्लीव्हने जोडलेले. कारागिरी इतकी छान की मला वाईट वाटलं. तीसेक तासांतच ड्राइव्ह गिअरच्या दातांचे पापुद्रे निघाले होते आणि तो चुरा तेलाबरोबर मास्टर रॉडच्या (सगळे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत पोचला होता. वाचवले होते पाच-सहा किलो. मालकाने खर्च किती केला ते इथे लिहीत नाही, त्यांच्या घरीही तो आकडा कुणाला माहीत नाही.

म्हणून अल्टरनेटर निवडताना माझा पहिला प्रश्न विक्रेत्याला असा असतो: जोड कसला आहे? रबराचा किंवा स्प्रिंगचा कुशन आहे का, बारीक शाफ्ट आहे का, तुटायची मान आहे का, आणि ती किती पिळाला तुटते? ही मान ड्राइव्हच्या कमाल मर्यादेच्या आत तुटली पाहिजे आणि रोजच्या धक्क्यांच्या बरीच वर टिकली पाहिजे. चारही उत्तरं न अडखळता मिळाली तर पुढे किंमत विचारा. ‘आजवर कुणाची तक्रार नाही’ हे उत्तर मी धरत नाही.

लटक हा दुसरा घटक. पॅडच्या, म्हणजे इंजिनावर जनरेटर बसतो त्या सपाट जागेच्या, तोंडापासून वजनाचा मध्य किती लांब आहे त्यावर स्टडांचा आणि केसिंगचा ताण ठरतो. जुना दहा किलोंचा, मध्य बारा सेंटिमीटरवर, म्हणजे १२० किलो-सेंटिमीटर. नवा चार किलोंचा, त्यावर सव्वा किलोचा अडॅप्टर, आणि लांबी वाढल्याने मध्य गेला एकोणीस सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास १००. वजन निम्म्यावर आलं, केसिंगवरचा भार मात्र सहाव्या हिश्शानेच उतरला. आखूड आणि जाडजूड अल्टरनेटर लांब आणि सडपातळपेक्षा बरा, वजनाचा काटा काहीही म्हणो. मोजताना मागच्या नळ्या, इंजिन माउंट आणि फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधला आगरोधक पत्रा) यांच्याशी अंतरही बघा. इंजिन रबरावर हलतं, त्यामुळे थंड इंजिनात बोटभर जागा दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका.

आता कायमचुंबकाचा की फील्डवाला, म्हणजे वेटोळ्यात वीज सोडून चुंबक बनवणारा? कायमचुंबकाच्या प्रकारात ब्रश नाहीत, फील्डची वायर नाही, बॅटरी पूर्ण मेली तरी तो स्वतःहून वीज बनवतो. आठ-दहा अँपिअरची गरज असेल तर मला तोच आवडतो. पण तो बंद करता येत नाही. फिरतोय तोवर व्होल्टेज आहेच. म्हणून त्याच्या आणि रेग्युलेटरच्या मधे तोडणारा रिले लागतो. तुमच्या सोळा अँपिअरला फील्डवाला सोयीचा. फील्ड तोडली की तो गप्प. त्याच्या फील्डला पाच अँपिअरचा ब्रेकर आणि व्होल्टेज ३२ च्या आसपास गेलं की लगेच फील्ड तोडणारं संरक्षण, या दोन गोष्टींवर मी कधी तडजोड करत नाही. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो. तो बिघडून पूर्ण फील्ड देऊ लागला तर बाहेरचा स्विच त्याला थांबवू शकेलच असं नाही, आणि तेवढ्या वेळात तुमचे रेडिओ गेले. आतला काढून बाहेरचा रेग्युलेटर बसवायचा किंवा तसाच बनवून मिळणारा घ्यायचा. आणि ट्रॅक्टरचा असेल तर आधी बघा तो १४ व्होल्टचा तर नाही. याकची यंत्रणा २८ ची आहे.

फिरण्याची दिशा. याकचा प्रॉपेलर कॉकपिटमधून पाहिला तर डावीकडे फिरतो, आणि मागच्या पॅडची दिशा पुन्हा वेगळी असू शकते. अल्टरनेटर उलटा फिरला तरी डायोडांमुळे वीज सरळच येते, म्हणून लोक दिशेकडे लक्ष देत नाहीत. पण आतल्या पंख्याची पाती तिरकी असतात. उलटा फिरणारा पंखा वारा फारसा ओढत नाही, आणि रेडियलच्या मागे काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत आधीच भट्टी असते. डायोड उन्हाळ्याच्या पहिल्या दुपारी जातात. सरळ पात्यांचा पंखा मागा, किंवा तुमच्या दिशेचा. जुन्या जनरेटरला गार हवा आणणारा पाइप आहेच, तो फेकू नका, नव्याच्या मागच्या तोंडावर एक पत्र्याची टोपी करून त्याला जोडा.

वायरिंगमध्ये रिव्हर्स करंट रिलेची गरज संपते, कारण डायोड वीज उलटी जाऊ देत नाहीत. मात्र एखादा डायोड शॉर्ट झाला तर बॅटरी स्वतः अल्टरनेटरला जाळायला धावते, म्हणून जाड वायरला फ्यूज बसेल तो बॅटरीकडच्या टोकाला. जुना रेग्युलेटर पूर्ण काढून टाका. ‘असू दे, नुसता वायर तोडून’ असं ठेवलेले डबे पुढच्या मॅकेनिकचा जीव खातात.

नाकातून पाच किलो गेले की वजनाचा मध्य मागे सरकणार. समजा विमान १२०० किलोंचं आणि जनरेटर मध्यापासून १.१ मीटर पुढे, तर सरक साडेचार मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक आहे. पण मागच्या सीटवर वजनदार पाहुणा, टाकीत थोडं पेट्रोल आणि वर कसरती करायच्या, अशा दिवशी तुम्ही मागच्या मर्यादेच्या आधीच जवळ असता. नवं वजन-पत्रक करा, अंदाजाने नाही, काट्यावर चढवून.

कागदपत्रांचं म्हणाल तर अमेरिकेत याक-५२ एक्स्परिमेंटल वर्गात उडतं, त्यामुळे प्रमाणित सुटा भागच हवा अशी सक्ती नाही. तुमच्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये मोठ्या बदलाबद्दल काय लिहिलंय तेवढं वाचून, लॉगबुकात नीट नोंद करा.

स्टिअरमनची गोष्ट निराळी. ते प्रमाणित विमान. तिथे एसटीसी (प्रमाणित विमानात ठराविक बदल करायला दिलेलं खात्याचं प्रमाणपत्र) किंवा खात्याची स्वतंत्र मंजुरी आणि मोठ्या बदलाच्या नोंदीचा ३३७ फॉर्म लागेल. शिवाय ते २२० अश्वशक्तीचं सात सिलिंडरांचं काँटिनेंटल इंजिन पूर्ण ताकदीलाही २०७५ फेऱ्यांवर थांबतं, म्हणजे हळू वेगात वीज देणारा वेगळाच अल्टरनेटर हवा. याकचा तिथे चालणार नाही. अमेरिकी इंजिनांच्या व्हॅक्यूम पंपाच्या चार बोल्टच्या पॅडवर, एएनडी२०००० वर, थेट बसणारे छोटे अल्टरनेटर मिळतात. कॅन्ससमधली बी अँड सी कंपनी ते बरीच वर्षं बनवतेय. भागीदाराच्या इंजिनावर तो पॅड मोकळा असेल तर तिथून सुरुवात करावी.

पण सुरुवात करण्याआधी त्यांनी एक नियम वाचावा. त्यांच्या स्टिअरमनला मुळात विजेची यंत्रणाच नसेल, तर मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात, ठराविक हवाई हद्दी सोडून, त्यांना ट्रान्सपाँडरची आणि २०२० पासून सक्तीच्या झालेल्या एडीएस-बीची (विमानाचं ठिकाण सतत प्रसारित करणाऱ्या यंत्रणेची) सूट आहे. ही सूट इंजिनावर चालणारी विजेची यंत्रणा नसलेल्या विमानांना आहे. इंजिनावर अल्टरनेटर बसवून तो प्रमाणित करून घेतला की सूट गेली. एका रेडिओपुरती वीज हवी म्हणून अल्टरनेटर लावायचा, आणि मग त्याच्यामुळे हजारो डॉलरांची उपकरणं घ्यायची, असं मी होताना पाहिलंय. त्यांना खरंच रेडिओपुरतीच वीज हवी असेल तर घरी चार्ज केलेली छोटी बॅटरी रविवारच्या दोन तासांना पुरते.

याकवर बसवल्यानंतरचं वेळापत्रक लिहून ठेवा. पहिल्या उड्डाणानंतर नटांचा ताण आणि पॅडच्या गॅस्केटची गळती. पाच तासांनी आणि दहा तासांनी तेलाची जाळी काढून धुवायची, पांढऱ्या फडक्यावर गाळायची आणि उन्हात धरून बघायची. पंचवीस तासांनी अल्टरनेटर काढून स्प्लाइनचे दात: लालसर, गंजासारखी भुकटी दिसली तर ग्रीस कमी पडतंय किंवा सरळ रेषेत बसलेलं नाही. तिथे तेल पोचत नसेल तर मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा. त्यानंतर दर शंभर तासांनी.

आणि जुना जनरेटर इतक्यात विकू नका. तो उघडून आतला बारीक शाफ्ट बाहेर काढा, मानेजवळ पीळ पडल्याच्या खुणा आहेत का बघा, आणि त्याचा फोटो स्प्लाइनच्या मापांसकट मला पाठवा. त्यावरून तुमच्या ड्राइव्हने आजवर काय सोसलंय ते कळेल, मग नवा कुठला घ्यायचा ते ठरवू.